सगळं डोक्यात आहे, मग लिहायचं कशाला?

प्रश्न : साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या दोन घरांना भाजणी करून दिली, तिथून सुरुवात झाली. आता चकली, भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे आणि दिवाळीला पूर्ण फराळ असा पसारा आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. मदतीला दोन बायका, दिवाळीत चार. चकली ४८० रुपये किलोने जाते आणि ‘खर्च अडीचशेच्या घरात येतो’. आता पुण्यातल्या एका दुकानदाराने महिन्याला ४० किलो चकली मागितली आहे. त्याला २५ टक्के मार्जिन हवं, पैसे ४५ दिवसांनी देणार. त्यासाठी पीठ मळायचं आणि चकली पाडायचं मशीन, मोठी शेगडी आणि मागच्या पडवीला पत्रे, असा तीन लाखांचा खर्च कर्ज काढून करायचं ताईंच्या मनात आहे. पुण्यात नोकरी करणारी लेक म्हणते, ‘आई, आधी बिझनेस प्लॅन लिही.’ यजमान म्हणतात, ‘ऑर्डरी येतायत ना? कागदावर लिहून चकल्या तळल्या जात नाहीत.’ ताई लिहितात : ‘माझं सगळं डोक्यात असतं. आम्ही काही कंपनी नाही. लिज्जतच्या बायकांनी कुठे प्लॅन लिहिला होता? पण खरं सांगू, दिवाळीत एवढा माल जातो तरी जानेवारीत हातात काही राहत नाही. लिहायला बसले आणि तोटाच दिसला तर, अशीही भीती वाटते. काय करू?’

उत्तर : ताई, ते भीतीचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहून टाकलंय. मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे, प्लॅन लिहू की नको हा नंतरचा. जानेवारीत हात रिकामा राहतो हे तुम्हाला दरवर्षी दिसतंय, आणि का राहतो याचा थोडाफार अंदाजही असणार. तो खरा ठरला तर काय, म्हणून पेन उचलवत नाही. यात तुम्ही एकट्या नाही. घरून केक करणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, डबे देणाऱ्या कितीतरी जणींचं इथेच अडतं : माल जातो, कौतुक होतं, पैसा दिसत नाही. तेव्हा ‘बिझनेस प्लॅन’ हा भारदस्त शब्द तूर्त बाजूला ठेवू आणि एक किलो चकली घेऊ.

खर्च अडीचशे म्हणता. त्यात काय काय धरलंय ते पत्रात नाही, पण माझा अंदाज सांगते : तांदूळ, डाळी, धणे-जिरे, तीळ, तिखट, तेल. म्हणजे किराण्याच्या बिलावर जे छापून येतं ते. आता जे बिलावर येत नाही ते मांडू. आकडे मी उदाहरणादाखल घालते, तुम्ही तुमचे घाला. भाजणी भाजायला आणि चकली तळायला गॅस, शिवाय गिरणीचं दळण : २५ रुपये. पाऊच, लेबल, खोका, चिकटपट्टी : १८. मदतनीस बाईंचे दिवसाचे ४०० आणि दिवसात आठ किलो चकली होते असं धरलं, तर किलोला ५०. मोडलेल्या, जास्त लाल झालेल्या आणि ‘जरा चव बघा’ म्हणून शेजारी गेलेल्या : १२. यजमान स्कूटरवरून पोचवून येतात त्याचं पेट्रोल : १५. अडीचशे धरून बेरीज ३७०.

४८० मधून ३७० गेले, राहिले ११०. आठ किलोचे ८८०. सकाळी पीठ भिजवण्यापासून संध्याकाळी ओट्यावरचं तेल पुसेपर्यंतचा तुमचा अख्खा दिवस या ८८० मध्ये आलाय, मजुरी आणि नफा मिळून. हे वाईट नाही. पण तुमच्या मनात किलोमागे २३० सुटतात आणि प्रत्यक्षात ११० सुटतात. मनातल्या आकड्यावर विसंबून दिवाळीत घरखर्चाला हात सैल सुटतो, मग जानेवारीत पैसे गेले कुठे म्हणून शोधाशोध सुरू होते. ते गेले नाहीत, ते आलेच नव्हते.

आता पुण्याचा दुकानदार घ्या. २५ टक्के मार्जिन म्हणजे ४८० ची चकली तुम्ही त्याला ३६० ला देणार. स्कूटरचे १५ वाचले, त्याऐवजी पार्सलचे किलोमागे ८ धरू. खर्च ३६३. म्हणजे किलोमागे तीन रुपये पदरचे घालून चकली पुण्याला. ४० किलोंचा तोटा दिसायला फक्त १२० रुपये, पण त्यात तळणाचे पाच पूर्ण दिवस गेले आणि तुमची मजुरी शून्य. त्यात पैसे ४५ दिवसांनी. पहिल्या महिन्याचे पैसे यायच्या आत दुसऱ्या महिन्याचा माल तुम्हाला स्वतःच्या पैशाने करून पाठवायचाय. दोन महिन्यांचा खर्च धरला तर सुमारे २९ हजार रुपये त्या दुकानात अडकले.

मशीनने मजुरी कमी होईल हे खरं. निम्मी होईल असं धरू, ५० चे २५. मग दुकानाच्या मालावर किलोमागे २२ रुपये सुटतील. तीन लाखांचं कर्ज, पाच वर्षं मुदत, व्याज ११ टक्के धरलं तर हप्ता साधारण साडेसहा हजार. त्याला २२ ने भागा. दुकानाला महिन्याला जवळजवळ २९५ किलो चकली गेली तर नुसता हप्ता निघेल. त्याने मागितलीय ४०. घरगुती गिऱ्हाइकांच्या चकलीतून हप्ता भरू म्हणाल तर तिथेही थांबा : तिथले ११० आज तुमची मजुरी आहेत. ते बँकेला गेले, तर मशीन तुमच्यासाठी चालतंय की तुम्ही मशीनसाठी?

हे सगळं करायला मला एक पाठकोरा कागद लागला. लेक ज्याला प्लॅन म्हणते त्याचा निम्मा भाग हाच.

आणि याच आकडेमोडीतून वाटही निघते, ते सांगायचं राहायला नको. दुकानात जाऊन पाकीट उचलणारा माणूस किलोचा भाव करत नाही. २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपये छापील किमतीने ठेवलं तर किलोला ६०० झाले. मार्जिन जाऊन तुम्हाला ४५०. जादा पाऊचचे किलोमागे १२ धरले तर खर्च ३७५, सुटले ७५. ४० किलोंचे तीन हजार. तेही आहे त्या शेगडीवर, आहे त्या दोन बायकांसोबत, एक रुपया कर्ज न काढता. १२० चं पाकीट पुण्यात खपेल का, हे मी साताऱ्याच्या ताईंना इथे बसून सांगू शकत नाही. दुकानदार सांगू शकतो, त्याला विचारा. याच पद्धतीने भाजणीचं गणितही मांडा. तिथे तळण नाही, मोडतोड नाही, तेलाचा भाव नाही आणि माल टिकतो जास्त. माझा कयास असा, की तुमच्या घरात पैसा भाजणी आणि मेतकूट कमावतात आणि नाव चकलीचं होतं. कयास चुकीचा असेल तर दहा मिनिटांत कळेल.

आता लिज्जतचं. हा दाखला मला इतक्या पत्रांत येतो की एकदा नीट बोललेलं बरं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. ते ८० रुपये देणारे छगनलाल करमशी पारेख सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी या समाजसेवी संस्थेचे सभासद होते. त्यांनी या बायकांना दोन गोष्टी बजावल्या : मालाचा दर्जा एकच ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा, हा धंदा आहे असं समजून चालवा. स्वस्तातला दुसरा पापड काढायचा विचार होता, तो त्यांनी सोडायला लावला. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असं त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, आणि पाऊस असताना काम चालू राहिलं. काय विकायचं, कोणत्या दर्जाचं, पैसा कुठून घ्यायचा, कुठून नाही, आणि कोणत्या महिन्यात काय अडणार : प्लॅनमध्ये याहून वेगळं काय असतं? शिवाय त्या सात जणी होत्या. सात जणींत ठरलेली गोष्ट कुणाच्या तरी तोंडून सारखी बोलली जाते. तुम्ही एकट्या आहात. तुमचं ठरलेलं फक्त तुम्हाला ठाऊक, आणि मोडलं तरी विचारणारं कुणी नाही.

‘सगळं डोक्यात असतं’ यावर माझा विश्वास आहे. कुणाच्या घरी कमी तिखट, कुणाला तिळाचं वावडं, कुणाचे ३०० रुपये यायचेत, हे तुम्हाला तोंडपाठ असणार. पण डोकं आपल्या सोयीचं लक्षात ठेवतं. विकलेले ६० किलो लक्षात राहतात, नरम पडून घरात संपवलेले दोन राहत नाहीत. आणि वेळ आली की डोक्यातला नियम वाकतो. २०२४ ची गोष्ट आठवा. १४ सप्टेंबरला केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. गणपती अजून उठायचे होते आणि दिवाळी दीड महिन्यावर. ज्यांनी फराळाचे दर आधीच कळवून ऑर्डरी घेतल्या होत्या, त्यांना महागाचं तेल कढईत ओतावं लागलं. गिऱ्हाइकाला फोन करून दर वाढवायचा तर संकोच, आणि न वाढवावा तर खिशाला चाट. अशा वेळी आधीच लिहून ठेवलेली एक ओळ कामाला येते : ‘दर १५ दिवसांपुरते बांधील, तेलाचा डबा अमुक रुपयांवर गेला तर चकली-शेव-चिवड्याचे दर बदलतील.’ ती ओळ दरपत्रकाच्या तळाशी छापा. मग फोन करताना संकोच तुम्हाला नको, तो ओळीचा प्रश्न.

भाजणीचं प्रमाणही लिहा, ग्रॅममध्ये. ‘हाताचा अंदाज’ हा तुमचा अभिमान असेल, असावाच. पण ऐन दिवाळीत तुम्हीच आजारी पडलात तर मदतीच्या बायका अंदाज कुणाच्या हाताने घेणार? ती चिठ्ठी कुलपात ठेवा, कुणाला दाखवायची गरज नाही, पण असू द्या.

आता जानेवारीचं कोडं. याला चकलीच्या गणितापेक्षा वेगळा कागद लागतो. आडवा कागद घ्या आणि त्यावर एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आखा. वर येणारा पैसा, खाली जाणारा. तुमच्या धंद्यात पैसा कधी जातो बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाची लाल मिरची आणि धणे भरायचे, तेव्हा एकदम. उन्हाळ्यात कुरडयांचा गहू आणि जादा मजुरी. भाद्रपदात फराळाचा कच्चा माल. येतो कधी? उन्हाळ्यात थोडा, श्रावणात उपवासाच्या भाजणीचा थोडा, आणि मग आश्विन-कार्तिकात पूर आल्यासारखा. जून-जुलै जवळपास कोरडे. हप्ता मात्र बाराही महिने, ठरल्या तारखेला जाणार. जुलैचा हप्ता कोणत्या पैशातून देणार हे त्या रकान्यात लिहिता आलं नाही, तर कर्ज आत्ता घ्यायचं नाही, एवढं सरळ आहे. लिहिता आलं, तर घ्या आणि निश्चिंत राहा.

रकाने भरताना आणखी एक गोष्ट दिसेल, ती जरा नाजूक आहे. गिऱ्हाइकांचे पैसे कुणाच्या मोबाइलवर येतात? पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण अशा दहा घरांत चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड यजमानांच्या खात्याचा निघतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. त्यांचं खातं आधीपासून होतं, ते पोचवायला जातात, म्हणून सोयीचं झालं. पण मग चकलीचे पैसे, त्यांचा पगार, लाइटचं बिल आणि मुलाची फी एकाच भांड्यात पडतात आणि धंद्याने किती दिलं हे कुणालाच सांगता येत नाही. उद्या बँक तुमच्या नावावरची उलाढाल मागेल, तेव्हा दाखवायला काही नसेल. तुमच्या नावाचं वेगळं खातं काढा, क्यूआर कोड त्याचा लावा. त्या खात्यातून दर महिन्याला एक ठरावीक रक्कम स्वतःला पगार म्हणून घ्या, भले सुरुवातीला तीन हजार असो. घरासाठी लागलं तर त्या पगारातून द्या. दिवाळीचे पैसे वॉशिंग मशीनला गेले असतील तर चुकीचं काही नाही, पण ते तुमच्या पगारातून गेले की धंद्याच्या भांडवलातून, हे माहीत हवं. प्लॅनच्या पहिल्या पानावर धंद्याचं नाव आणि त्याखाली मालकीण म्हणून तुमचं नाव लिहा. माझ्या मते हे अख्ख्या कागदातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरच्या घरी खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पुण्यातला दुकानदार सरळ माणूस असेल तर पहिल्या भेटीत तोच मागेल. पाकिटावर निव्वळ वजन, छापील किंमत, तयार केल्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हेही हवं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणारी साइट दिसली की बाहेर पडा. आणि गॅस. धंद्यासाठी १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर वापरायला परवानगी नाही, १९ किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं. मी वर २५ रुपये धरले ते घरगुतीच्या हिशेबाने तुमच्या मनात असतील तर आकडा बदला. घरगुती गॅसवर बसवलेला दर पडवीत मोठी शेगडी आली की कोसळतो.

कर्जाबद्दल. तुमचा पहिला टप्पा कर्जाशिवाय जमतो असं मला दिसतंय, पण पुढे लागलं तर पर्याय माहीत असावेत. २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘किशोर’, आणि तारण लागत नाही. खाद्यप्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी २०२० मध्ये पीएमएफएमई योजना आली. तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, कर्जाला जोडलेलं अनुदान आहे आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. सध्या अर्ज घेतले जातायत का, हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. जिल्हा उद्योग केंद्रातही एक चक्कर मारा. अनुदान आहे म्हणून मशीन घ्यायचं मात्र नाही. ज्या मशीनला काम नाही ते ३५ टक्के स्वस्त मिळालं तरी महागच.

बँक ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ मागते. तो तालुक्याच्या गावी दोन-तीन हजारांत तयार मिळतो. त्यात तुमची विक्री पाच वर्षं नेमाने वाढत जाते, पाऊस पडत नाही, तेल महागत नाही आणि सगळे वेळेवर पैसे देतात. फाइलपुरता तो लागेल तर करून घ्या, पण त्याला तुमचा प्लॅन समजू नका. शक्य असेल तर उलट करा : तुमचे चार कागद सीएकडे न्या आणि सांगा, याच आकड्यांवरून रिपोर्ट बनवा. तो जरा कुरकुर करेल. करू द्या. इंटरनेटवरचा तयार नमुना उतरवून काढायचाही मोह होईल. त्यातलं ‘ध्येय’, ‘दूरदृष्टी’ वगैरे पाच पानं भरून जातील आणि चकलीचा खर्च राहूनच जाईल.

मग लिहायचं किती? तुमच्यासाठी वहीची चार पानं. पहिल्यावर मालकीण कोण, काय विकायचं, कुणाला विकायचं आणि काय विकायचं नाही. हे शेवटचं विसरू नका. अनारसे करायला दोन दिवस जातात आणि वर्षाला सहा डबे जात असतील, तर ‘अनारसे नाही’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिण्यात मोठं सुख आहे. दुसऱ्या पानावर प्रत्येक पदार्थाचा किलोचा हिशेब, वर चकलीचा केला तसा. तिसरं, बारा रकाने. चौथ्यावर ‘असं झालं तर’ : तेल वाढलं तर, मी आजारी पडले तर, मदतनीस बाई सोडून गेल्या तर, दुकानाने पैसे थकवले तर. दर तीन महिन्यांनी वही उघडायची आणि खोटं ठरलेलं खोडून खरं लिहायचं. दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला तर नक्कीच, कारण तेव्हा सगळे आकडे ताजे असतात आणि हात जरा मोकळा असतो.

आणि तोटा दिसलाच तर? तर तो आजही होतोय, फक्त तुमच्या झोपेतून आणि पाठदुखीतून वसूल होतोय. दिसल्यावर तीन-चार गोष्टी करता येतात : दर वाढवणं, पदार्थ कमी करणं, पाकीट लहान करणं, पोचवण्याचे पैसे वेगळे लावणं. पाच वर्षं तुमची चकली खाणारी माणसं ४८० चे ५२० झाल्यावर पळून जात नाहीत. एक-दोन जातील, त्यांच्यासाठी तुम्ही तशीही पदरमोडच करत होतात.

यजमानांचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही. येणाऱ्या ऑर्डरी हा कुठल्याही कागदापेक्षा मोठा पुरावा आहे, आणि पाच वर्षं त्या टिकल्यात ही तुमची कमाई. ज्या बाईला कर्ज घ्यायचं नाही, मदतीला कुणी ठेवायचं नाही, सणापुरतं करून चार पैसे गाठीला बांधायचेत, तिला मीही सांगेन की जमा-खर्चाची वही पुरे, प्लॅनच्या नादी लागू नका. पण तुमच्या घरात आता दोन बायकांचा रोजगार, पुण्याची उधारी आणि तीन लाखांची गोष्ट आलीय. यजमानांशी वाद घालू नका. चकलीच्या त्या हिशेबाला सोबत बसवा आणि पेट्रोलचा आकडा त्यांनाच भरायला सांगा. पोचवायला तेच जातात, त्यांना तो तुमच्यापेक्षा नीट माहीत असेल, आणि एकदा एक आकडा त्यांनी भरला की बाकीच्यांतही लक्ष घालतील.

दुसऱ्या धंद्यातल्या वाचकांनी चकलीच्या जागी आपलं काम घालावं. ब्लाउज शिवणाऱ्यांनी किलोऐवजी तास मोजावेत. अस्तराच्या ब्लाउजला आणि साध्या ब्लाउजला लागणारा वेळ लिहिला की दरांतला फरक किती तोकडा आहे ते दिसेल. केकवाल्यांनी रद्द झालेल्या ऑर्डरींचा रकाना ठेवावा आणि आगाऊ रक्कम किती घ्यायची ते त्यावरून ठरवावं. डबे देणाऱ्यांनी मे महिना आणि दिवाळीची सुट्टी वेगळी मांडावी : मुलं गावाला गेली की डबे निम्म्यावर येतात, पोळ्या करणाऱ्या बाईंचा पगार निम्म्यावर येत नाही.

आता लगेच करायचं काम. दुकानदाराला ‘हो’ म्हणण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. न खपलेला माल परत पाठवणार का, आणि पाठवला तर तोटा कुणाचा? मोडलेल्या पाकिटांचं काय? पैसे ४५ ऐवजी १५ दिवसांत देणार असेल तर मार्जिनमध्ये तुम्ही काय सूट द्यावी अशी त्याची अपेक्षा आहे? २०० ग्रॅमचं पाकीट तो किती किमतीला ठेवू शकेल? उत्तरं तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या आणि त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवून ‘असं ठरलं, बरोबर ना?’ असं विचारा. त्याने ‘बरोबर’ म्हटलं, की पहिल्या खेपेला दहा किलो पाठवा, चाळीस नाही. त्या दहाचे पैसे खात्यात जमा झाल्यावर पुढच्या खेपेचं पीठ भिजवा. मशीनचं कोटेशन देणाऱ्याला दिवाळीनंतर कळवते म्हणून सांगा. तोवर तुमच्याकडे सहा महिन्यांचे खरे आकडे असतील, आणि त्यालाही एवढी घाई नसते जेवढी तो दाखवतो.